गाडीची शाकारणी

मे संपत आला की वेसाव्याच्या बंदरावर होड्या वर ओढतात, मशीन उघडून साफ करतात, आणि पावसाचे महिने निभावेत म्हणून वरून ताडपत्री घालून सगळं घट्ट बांधून ठेवतात. याला शाकारणी म्हणतात. दशरथ तांडेलांनी आयुष्यात चाळीस वेळा तरी होडी शाकारली होती. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, होडी पुतण्याकडे, चंदूकडे गेली आणि तांडेल घरी बसले. घरी बसलेल्या माणसाच्या वाट्याला जी कामं येतात ती त्यांच्याही आली. दूध आणणं, गॅसवाल्याची वाट बघणं, नातीची सँडल शोधणं. त्यामुळे दुबईला टगबोटीवर सहा महिन्यांच्या नोकरीसाठी निघालेल्या मुलाने, निमेशने, जाताना आपली मोटरसायकल पावसाळाभरासाठी बंद करून ठेवायचं काम त्यांना सांगितलं, तेव्हा तांडेल दोन दिवस घरात ताठ मानेने वावरत होते.

निमेशने कागदावर लिहून दिलं होतं. गाडी धुवायची, पूर्ण सुकवायची, चेनला तेल, सायलेन्सरच्या तोंडात प्लास्टिक, बॅटरी काढून घरात. तांडेलांनी कागद वाचला आणि घडी करून खिशात टाकला. लोखंड कसं जपायचं हे त्यांना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. खारा वारा उघडं लोखंड खातो, चार महिन्यांत पापुद्रे काढतो. वडिलांबरोबर होडी शाकारायचे तेव्हा वडील हातात तेलाचा ब्रश द्यायचे आणि म्हणायचे, चकाकतं दिसलं की माख. बोटभर जागा कोरडी राहिली तर पाठीत धपाटा बसायचा.

सोमवारी दुपारभर खपून त्यांनी गाडी तशीच माखली. चेन, स्टँड, नट, स्प्रिंग, काही सोडलं नाही. दोन्ही चाकांना भोकाभोकांची एकेक स्टीलची थाळी होती. सगळ्या गाडीत तीच जास्त चकाकत होती, म्हणून तिला त्यांनी दोनदा तेल लावलं. बॅटरी तेवढी राहिली, कारण त्या मापाचा पाना घरात नव्हता.

मंगळवारी सकाळी ते चंदूकडून पाना आणायला बंदरावर गेले. पाना मिळाला, चहा झाला, तेवढ्यात निमेशचा फोन आला.

"बाबा, शाकारली गाडी?"

"शाकारली म्हणजे? झकास शाकारली. एक जागा कोरडी ठेवली नाय. ती चाकाची थाळी पण माखली, दोन हात तेल."



"बाबा, चाकाची थाळी म्हणजे डिस्क? डिस्कला तेल लावलंत?"

"मग? उघडं लोखंड हाय ते."

"अहो, ब्रेक त्यालाच धरतो. तेल लागलं की ब्रेक लागणारच नाही. बरं, असू दे. गाडी बंदच आहे ना? कुणाला हात लावू देऊ नका. मी आलो की मेकॅनिककडून साफ करून घेऊ."

तांडेलांना लाज वाटली, पण भीती वाटली नाही. होडीला ब्रेक नसतो, आणि आयुष्यात त्यांनी होडीशिवाय काही चालवलं नव्हतं. कुणी हात लावणार नाही, असं मुलाला सांगून ते घराकडे वळले. दारात आले आणि त्यांना दिसलं की भिंतीलगत जिथे गाडी होती तिथे फक्त तेलाचा डाग आणि सायलेन्सरमधून काढून टाकलेली प्लास्टिकची पिशवी होती.

"गाडी कुठं गेली?" त्यांनी बायकोला विचारलं.

मथुराबाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. "कल्पिता घेऊन गेली. तिची आई बाथरूममध्ये पडली, नाहूरहून फोन आला. सकाळी रिक्षावाले कुठं येतात एवढ्या लांब. श्रुतिका पण मागं लागली, तिला सुट्टीच हाय, गेली बसून."

 सून चांगली चालवते, निमेशनेच शिकवलं होतं, पण मागे सात वर्षांची नात होती.  "किती वेळ झाला?" तांडेलांनी बायकोला एवढंच विचारलं.

"अर्धा तास झाला असेल. का ओ?"

ते तसेच हमरस्त्याकडे निघाले. कित्येक वर्षांत गुडघ्यांनी असं चालणं पाहिलं नव्हतं. मिळाली त्या रिक्षात बसून त्यांनी नाहूर सांगितलं. रिक्षावाला नको म्हणणार होता, पण त्यांचा चेहरा बघून त्याने मीटर टाकला.

कल्पिताला फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती फोन पर्समध्ये ठेवते, हे त्यांना माहीत होतं, तरी लावत राहिले. मग तिच्या भावाला, विशालला लावला. तो म्हणाला, अजून नाही आली ताई, का हो? तांडेल म्हणाले, काय नाय, आली की फोन कर.

समुद्रावर त्यांनी दोन वादळं काढली होती, एकदा तर दोन रात्री होडी भरकटली होती. तेव्हाही भीती वाटली होती, पण तेव्हा सुकाणू त्यांच्या हातात होतं. इथे हातात एक पाना होता, जो ते घरी ठेवायला विसरले होते. अंधेरीच्या सिग्नलला गर्दी दिसली आणि ते रिक्षाबाहेर वाकून बघू लागले. आंब्याची हातगाडी होती. पुढे ॲम्ब्युलन्स मागून आली, रिक्षाला ओलांडून पुढे गेली, आणि ती गेली त्याच दिशेने आपल्याला जायचं आहे हे कळून त्यांनी डोळे मिटले. दोन हात तेल. एक हात लावून थांबलो असतो तर? पण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, वडिलांनी तसं शिकवलंच नव्हतं. ते मनात एकवीरा आईला हाक मारत राहिले, आणि मधेच त्यांना वाटलं, आईने तरी का ऐकावं, काम तर मीच केलंय.

पवईकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, उताराच्या अर्ध्यात, डाव्या कडेला खोदकामाच्या मातीचा ढीग होता. त्या ढिगात निमेशची गाडी आडवी रुतली होती. शेजारी एक टेम्पो उभा होता. तांडेल रिक्षा थांबायच्या आत उतरले.

फूटपाथवर कल्पिता बसली होती. दोन्ही तळवे सोलले होते, हेल्मेट अजून डोक्यावर होतं. तिच्या मांडीवर श्रुतिका, कोपराला रुमाल बांधलेली, बाटलीने पाणी पीत होती. दोघी जिवंत होत्या. तांडेलांनी टेम्पोला धरलं.

कल्पिता त्यांना बघून रडायलाच लागली. "बाबा, माझीच चूक झाली. निघाल्यापासून ब्रेक नीट लागत नव्हता. मला वाटलं, सवय राहिली नाही, माझ्याच पायात जोर नाही. हळूहळू आणत होते. उताराला लागले तर थांबेचना. समोर बस होती. मी मातीत घातली गाडी. निमेशला सांगू नका ना. तो परत कधी हात लावू देणार नाही मला. न विचारता नेली, पोरीला घेऊन. वाट लागली असती आज."

टेम्पोवाला म्हणाला, मॅडमनी डोकं वापरलं, नाहीतर बसखाली गेल्या असत्या. तांडेलांनी मान हलवली. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. गाडी मातीने माखली होती, तेल कुठे आणि माती कुठे कोण बघणार होतं? तेलाचं फक्त निमेशला ठाऊक होतं, त्याला फोनवर समजावता आलं असतं. सुनेने चूक स्वतःच पदरात घेतली होती. आणि खरं सांगितलं तर यापुढे त्यांच्या हातात दुधाची पिशवीसुद्धा विश्वासाने कुणी दिली नसती. हे सगळं त्यांच्या मनात एका क्षणात येऊन गेलं, आणि आलं याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"तुझी चूक नाय," ते म्हणाले. "मी ब्रेकच्या थाळीला तेल लावलं काल. दोन्ही चाकांच्या. होडीचं मशीन माखतात तसं. मना ठावं नव्हतं."

कल्पिता रडायची थांबली. ती रागावली नाही. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, मग त्यांच्या हातांकडे.

श्रुतिका उठली आणि नेहमीसारखे दोन्ही हात वर करून आजोबांकडे निघाली. कल्पिताने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि आपल्या पलीकडे उभं केलं. आपण काय केलं हे तिला तरी कळलं होतं की नाही, देव जाणे. तांडेलांना कळलं.

गाडी तिथेच ठेवून ते त्याच रिक्षाने नाहूरला निघाले. तांडेल एका कडेला बसले, कल्पिता मधे, आणि श्रुतिका दुसऱ्या कडेला. पोरगी बाहेर पडू नये म्हणून कल्पिताने तिला घट्ट धरलं होतं. नाहूर येईपर्यंत तांडेलांनी हात मांडीखाली दाबून ठेवले.