घमेलं आणि घसरगाडी

मी सुतार. व्हार्निशचे तीन हात सुकल्याशिवाय वस्तू कारखान्याबाहेर काढायची नाही, हा माझा नियम. गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसलं तरी नाही. या नियमाने मला नाव मिळवून दिलं आणि यानेच माझा एक हिवाळा खाल्ला.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी पळायची, म्हणून आम्ही तिला खारू म्हणायचो. हिवाळा संपला की ती शिकायला मावशीकडे जाणार होती. मागच्या टेकडीवर बर्फ साचला आणि गल्लीतली घरंच्या घरं पत्रे, ट्रे, जुने टब घेऊन घसरायला निघाली. फुकटातली मजा. खारू म्हणाली, "बाबा, आपण भुशाचं मोठं घमेलं घेऊन जाऊ."

"सुताराची पोर घमेल्यात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. थांब, गाडी करतो. तिघं बसू अशी."

केली. पुढे खारू, मध्ये तिची आई, मागे मी. खालच्या पट्ट्या वाकवण्यातच आठवडा गेला. मग पहिला हात दिला. थंडीत व्हार्निश लवकर सुकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दर रविवारी खारू बोट लावून बघायची आणि बोट चिकटायचं. "पुढच्या रविवारी," मी म्हणायचो.

"अहो, तशीच न्या की," बायको एकदा म्हणाली. "बर्फाला काय कळतंय?"

"मला कळतं," मी म्हणालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

त्याच दिवसांत घमेल्यातला भुसा ओला लागायला लागला. छत गळतंय वाटतं, असं बायको म्हणाली. मी कडाक्याच्या थंडीत छतावर चढून सगळे सांधे डांबराने बुजवले. दुसऱ्या दिवशी भुसा पुन्हा ओला. पुन्हा चढलो. दोघी खाली शिडी धरून उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता.

तिसरा हात सुकला तेव्हा टेकडीवर गवत दिसत होतं. वरातीमागून घोडं. खारू मावशीकडे गेली ती पुढे फक्त उन्हाळ्यातच यायची. गाडी मी भिंतीला टांगली.

यंदा, पंचवीस वर्षांनी, खारू आपल्या मुलीला घेऊन हिवाळ्यात आली. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली आहेत. नात घमेलं उपडं करून बडवत बसली होती, तेव्हा त्याचं बूड मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ओरखडेच ओरखडे, आणि सगळे एकाच दिशेने. भुसा भरून असं होत नाही.

"हे कशाने झालं गं?"

खारू हसली आणि मग हसायची थांबली. "मी आणि आई जायचो. तुम्ही माल पोचवायला गेलात की. जवळजवळ रोज."

"आणि छत?"

"छत कधीच गळत नव्हतं, बाबा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही किती मन लावून गाडी करत होता. आई म्हणाली, त्यांचा हिरमोड नको."

मी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "तिला आवडायचं?"

"मला मांडीवर घेऊन बसायची आणि वरपासून खालपर्यंत किंचाळायची. गल्लीतल्या बायका तिला बघायला थांबायच्या."

चौतीस वर्षांचा संसार. तिचा आवाज शेजारच्या खोलीत गेलेलाही मला आठवत नाही. ती किंचाळत होती तेव्हा मी कुठे तरी कपाटं उतरवत होतो, नाहीतर न गळणाऱ्या छताला डांबर फासत होतो. त्या दोघींनी मला जपलं, आणि मी त्यांना काय दिलं, तर चिकट बोट.

खारू गाडी काढायला उठली. "राहू दे," मी म्हणालो.

टेकडीवर मी नातीला मांडीवर घेऊन घमेल्यात बसलो. गुडघे हनुवटीला टेकले. खारूने मागून ढकललं. नात खालपर्यंत किंचाळली, तिच्या आजीसारखीच असेल. मला ताडून बघता येईना.