राहू दे

टेबलावर चढतानाच ड्रायव्हरमामा म्हणाले, "डॉक्टर, माझी मान सापडली तर मलाही दाखवा." अंगानं दीडशे किलो, पण जीभ भलतीच चपळ. पित्ताशयातले खडे काढायचे होते.

भूलतज्ज्ञ बाई हसल्या, पण त्यांना धास्ती त्या मानेचीच होती. भूल दिली की श्वास थांबतो. मग घशातून नळी आत जाईपर्यंत माणूस छातीतल्या साठ्यावर तग धरतो, आणि साठ्याच्या बाबतीत एवढ्या देहाच्या मामांचं हातावर पोट होतं. म्हणून बाईंनी खांद्यांखाली चादरींच्या घड्या रचल्या, तोंडावर मास्क धरला. मास्क काढल्यावरही नाकातल्या बारीक नळीतून ऑक्सिजन वाहत राहिला, तर तेवढीच उसंत मिळते. ती नळी वॉर्डातूनच मामांच्या नाकाला होती.

ऑक्सिजनला जोडायचं तिचं दुसरं टोक हातात धरून नव्या सिस्टरनं विचारलं, "मॅडम, नाकातली नळी...?"

"राहू दे," बाई वर न बघताच म्हणाल्या.

सिस्टरनं टोक खुंटीला अडकवलं.

"उठवाल ना मला?" मास्कखालून मामांनी विचारलं.

"तुम्हाला उठवल्याशिवाय मी घरी जायची नाही."

मामा झोपले. बाईंनी तोंड उघडलं, तर आत नुसती जीभ आणि मांस, वाट दिसेना. तेवढ्यात मॉनिटरचा सूर उतरू लागला, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन घटत होता. इतक्यात? बाईंनी पुन्हा मास्क लावून फुगा दाबला, तरी छाती हलेना. सूर खाली खालीच चालला. तिसऱ्या खेपेला घशातून नळी गेली, तोवर ओठ काळेनिळे पडले होते.

मग बाईंना खुंटी दिसली.

"ही जोडली नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, राहू दे?" सिस्टर रडकुंडीला आली.

तिचं काय चुकलं? नको म्हणायलाही माणसं हेच म्हणतात. मान वर करून एकदा बघायला हवं होतं, ते बाईंनी केलं नव्हतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

ऑपरेशन झालंच नाही. संध्याकाळ झाली. भूल केव्हाच उतरली होती, पण मामा डोळे उघडत नव्हते. त्यांच्या बायकोला सांगायला बाई बाहेर आल्या. ती पदरानं मामांचा चष्मा पुसत बसली होती.

"झोपलेत अजून?" तिनं विचारलं.

बाई तिच्या शेजारी बाकावर टेकल्या.

"मग राहू दे हो. भीतीनं रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता त्यांचा. तुम्हीही दमलात, घरी जा आता."