म्हातारबा उठेपर्यंत

शेवटचा स्क्रू काही केल्या फिरेना. भिंगरीने सीपीयू आडवा पाडला, गुडघ्याने दाबून धरला आणि पेचकस असा काही पिळला, की स्क्रू निघाला तो थेट कपाटाखाली जाऊन लपला.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," मागे उभे असलेले बाबा म्हणाले. "अगं, यंत्र आहे ते. डब्याचं झाकण नव्हे."

"बाबा, तुम्ही जरा बसता का? सावली पडतेय तुमची."

बाबा बसले नाहीत. फूटपट्टी घेऊन ते कपाटाखाली वाकले आणि स्क्रूबरोबर एक हरवलेली पेन्सिल, दोन गुंड्या आणि बरीचशी जळमटं घेऊन वर आले. गुंड्या त्यांनी आईच्या शिलाई मशीनवर ठेवल्या. आईने त्या न बघताच डब्यात टाकल्या.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली, म्हणून बाबांनी लहानपणी ठेवलेलं ते टोपणनाव. आता केसांत चार पांढरे दिसू लागले तरी घरात तेच चालत होतं. आजही ती सकाळच्या गाडीने आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार होती. आल्यापासून तिने गळका नळ आवळला, बिजागऱ्यांना तेल घातलं, पंख्याची पाती पुसली. हिला बस म्हटलेलं ऐकूच येत नाही, असं आई म्हणायची.

बाबांचा जन्म गेला घरांचे नकाशे काढण्यात. आधी फळ्यावर कागद ताणून, मग या कॉम्प्युटरवर. आता कामं बंद झाली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हता. कॉम्प्युटरही त्यांच्याबरोबर म्हातारा झाला, म्हणून त्याचं नाव पडलं म्हातारबा. गेल्या आठवड्यात फोनवर बाबांची तक्रार एकच होती. नवा नकाशा उघडतच नाही; चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतात, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंय. भिंगरीने त्याच संध्याकाळी बाजार पालथा घातला आणि इतक्या जुन्या यंत्राला चालेल अशी रॅमची पट्टी शोधून काढली. खरं तर तिला घरी एक बातमी सांगायची होती. पण नुसती बातमी घेऊन येण्यापेक्षा हातात एखादी वस्तू घेऊन येणं सोपं असतं.

बातमी ही, की तिने नवऱ्याचं घर सोडलं होतं. उन्हाळ्यापासून ती एका भाड्याच्या खोलीत एकटी राहत होती, आणि इथे आईबाबांचा समज होता की जावई कामानिमित्त सारखे बाहेरगावी असतात.

सीपीयूचं झाकण निघालं. आत राखेसारखी मऊ धूळ बसली होती. भिंगरीने पंख्यावर फुंकर मारली आणि स्वतःच शिंकली. अंगातली वीज उतरावी म्हणून तिने आधी पत्र्याला हात लावला, मग दोन्ही बाजूंचे पांढरे चाप अंगठ्यांनी मागे ढकलले. जुनी पट्टी अलगद वर आली.

"एवढीशीच?" बाबा म्हणाले. "इतकी वर्षं एवढ्याशा जागेवर भागवलं बिचाऱ्याने."

"शेजारची खाच कधीच मेली आहे त्याची. म्हणून एकच बसेल. पण ही चौपट आहे." नव्या पट्टीच्या सोनेरी कडेला तिचा तेलकट हात लागला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. "खोडरबर आहे?"

नकाशेवाल्याच्या घरात खोडरबर आहे का, हा प्रश्नच बाबांना अपमानास्पद वाटला. त्यांनी खिशातून काढून दिला. भिंगरीने कड घासून पुसली, पट्टी खाचेत धरली आणि दाबली. दोन्ही चाप टक्‌ करून बसले. तो आवाज तिने नीट ऐकला.

आई दाराजवळच्या उजेडात बसून शाळेच्या गणवेशाच्या कापडावर निळ्या खडूने खुणा करत होती. तिने हात थांबवला.

"म्हणजे आता किती वेळात उठेल हा?"

"बटण दाबलं की झालं. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"इतक्या लवकर कशाला?"

बाबा मोठ्याने हसले. "ऐका! लोक म्हणतात लवकर व्हावं, ही म्हणते कशाला."

आई हसली नाही. भिंगरीचा हात मात्र झाकणावरच राहिला, कारण आई काय म्हणतेय ते तिला कळलं होतं.

या घरात अवघड गोष्ट सांगायची एक वेळ ठरलेली होती, म्हातारबा उठेपर्यंतची. बाबा तापट नव्हते, पण मनाविरुद्ध काही कानावर आलं की एक शब्द न बोलता चपला पायात सरकवायचे आणि बाहेर पडायचे. परत आले की तो विषय संपलेला असायचा. अपवाद एकच. म्हातारबाचं बटण दाबलं की तो पुरता उठेपर्यंत ते समोरून हलत नसत; मध्येच उठलं तर तो अडकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. आईने हे फार वर्षांपूर्वी हेरलं. तिच्या पोटातल्या गाठीची गोष्ट तिने म्हातारबा उठत असतानाच सांगितली. भिंगरीनेही आपलं लग्न आपणच ठरवलंय हे तेव्हाच सांगितलं होतं, आणि बाबांनी पडद्यावरची नजर न काढता पूर्ण ऐकलं होतं. पडदा उजळला तेव्हा म्हणाले होते, "घेऊन ये त्याला." कोणी कोणाच्या डोळ्यांत बघायचं नसे, म्हणून सगळं बोलता यायचं.

आणि ज्या फांदीवर बसून आज बोलायचं, तीच भिंगरीने स्वतःच्या हाताने छाटली होती.

झाकण न लावताच तिने बटण दाबून पाहिलं. म्हातारबा खरंच उठला. बाबा खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पडदा उजळला.

"अरे वा! तरणा झाला की!" बाबांनी लगेच तो नवा नकाशा उघडला. "ये, बघ. तुला दाखवायचं होतंच. गच्चीवर खोली काढतोय, तुम्हा दोघांसाठी. आलात की बाहेरच्या खोलीत अंथरुणं पसरावी लागतात, जावयांना अवघडल्यासारखं होत असेल. हा मोठा पलंग. आणि ही दोन टेबलं, एक तुझं, एक त्यांचं. भांडायला नको."

भिंगरी बघत राहिली. बाबांनी जावयाच्या टेबलावर दिवासुद्धा काढला होता. आता सांगायचं, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तोंडून निघालं ते असं, "खोली छान आहे."

"मी विचारणार होते," आई म्हणाली, "जावयांच्या शर्टाचं माप तेच आहे ना? यंदा शिवायचा राहिलाय."

"राहू दे ना यंदा," भिंगरी पटकन म्हणाली.

आईने टेपची गुंडाळी केली आणि मुलीच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तेवढ्यात फोन थरथरला. नवऱ्याचा होता. भिंगरी अंगणात गेली. उरलेली पुस्तकं कधी नेतेस, एवढंच तो विचारत होता. त्याचा आवाज चांगला होता, वाईट कधीच नसायचा. ती भिंतीला लागून फेऱ्या मारत हो, बघते, कळवते असं म्हणत राहिली. फोन ठेवल्यावरही तिच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. बाबा म्हातारबा बंद करून, झाकण घेऊन तिच्यापाशीच आले होते आणि उंबऱ्यावर बसून जुन्या दाढीच्या ब्रशने त्याची धूळ झाडत होते. तिला त्यांच्या टाळूवरचे विरळ केस दिसत होते. आत्ता सांगावं तर चपला त्यांच्या शेजारीच होत्या.

"चल," बाबा उठले. "आता सगळं रीतसर लावू आणि रीतसर सुरू करू."

त्यांनी झाकण बसवलं, एक स्क्रू लावला, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं.

पिं. जरा थांबून पुन्हा पिं. पडदा काळाच राहिला.

भिंगरी झटकन पेचकस घेऊन खाली बसली. "बंद करा, बाबा. बघते."

"थांब गं," आई म्हणाली. "कसली मेली घाई! उठेल हळूहळू."

"आई, असा आवाज आला की तो उठत नसतो."

"ओरडतोय म्हणजे जिवंत आहे," बाबा म्हणाले. सवयीने त्यांनी हात टेबलावर ठेवले आणि काळ्या पडद्याकडे बघत बसले. "बस तू जरा."

भिंगरी स्टुलावर बसली. काचेत बाबांचा चष्मा दिसत होता, त्यामागे शिलाई मशीन आणि आई. मशीनचं चाक थांबलेलं होतं. पिं पिं वाजतच होतं. भिंगरीने पेचकस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला.

"बाबा, मी वेगळी राहते."

पिं.

"म्हणजे?"

"त्यांच्याबरोबर राहत नाही. उन्हाळ्यापासून."

टेबलाखाली बाबांचा उजवा पाय चपलेसाठी चाचपडला. पण चपला उंबऱ्यावर होत्या आणि म्हातारबा अजून उठला नव्हता. पाय परत जागेवर आला.

"हात उगारला त्यांनी?"

"नाही, नाही. तसलं काहीच नाही. माणूस वाईट नाही तो."

"मग?"

"त्या घरात मी सारखी काहीतरी दुरुस्त करत असायचे. नळ, खिडक्यांच्या कड्या, पंखे. एक दिवस दुरुस्त करायला काही उरलं नाही. मग बसावं लागलं. बसलो समोरासमोर, तर बोलायलाच काही नव्हतं, बाबा. दोघांनाही. मी पुष्कळ वाट पाहिली." तिने पेचकस मांडीवर ठेवला. "मला तिथे श्वास घेता येईना."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

"इतके दिवस बोलली नाहीस."

"तुम्ही चपला घालून निघून जाता."

बाबांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. राग त्यांच्या मानेवर चढला आणि उतरला. शेवटी ते म्हणाले, "बघ आता, काय झालंय त्याला. कान किटले."

भिंगरीने वीज बंद केली आणि झाकण काढलं. पट्टी खाचेत जेमतेम टेकली होती. दोन्ही चाप मागे पडलेले होते, आणि उजव्या पांढऱ्या चापावर अंगठ्याचा एक निळा ठसा होता. खडूचा.

तिने मान वळवली. आई शिवणीवर वाकून दाताने दोरा तोडत होती. तिच्या अंगठ्याला निळं लागलेलं होतं. तिने तो पदराला पुसला, पण वर पाहिलं नाही.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

"नीट बसली नव्हती," भिंगरी म्हणाली. "माझीच घाई."

"तरी मी सांगत होतो."

तिने बोटाने ठसा पुसला आणि पट्टी दाबली. टक्‌. या वेळी बाबांनी बटण दाबलं आणि म्हातारबा ताबडतोब उठला. जुनी पट्टी टेबलावर पडली होती, ती आईने येऊन उचलली आणि गुंड्यांच्या डब्यात टाकली.

"असू दे. लागते कधीतरी."

बाबांनी गच्चीवरच्या खोलीचा नकाशा उघडला. मग त्यांनी जावयाचं टेबल पुसलं. त्यावरचा दिवा पुसला. मोठा पलंग पुसायला त्यांना जरा वेळ लागला. त्याच्या जागी एक साधी कॉट काढली.

"मी इथे राहायला येत नाहीये, बाबा. माझी खोली आहे तिकडे."

"राहा म्हणून कोण म्हणतंय? मी नकाशा काढतोय." त्यांनी कॉट भिंतीकडे सरकवली. "तुझं टेबल खिडकीपाशी, की भिंतीला?"

"खिडकीपाशी," भिंगरी म्हणाली.

"आणि जिना घरातून नको," मागून आई म्हणाली. "बाहेरून काढा. तिचं तिला केव्हाही येता-जाता यायला हवं."

बाबांनी आतला जिना पुसला आणि अंगणाच्या बाजूने एकेक पायरी काढायला घेतली. झाकणाचे स्क्रू लावायचे राहिले होते, गाडीची वेळही होत आली होती. भिंगरी स्क्रू मुठीत धरून, जागची न हलता, पायऱ्या बघत बसली.