गोल कोपऱ्यांची अक्षरं

बालवाडीतली भाची रस्त्याच्या खोदकामाच्या खड्ड्यात पडली, हात मोडला, हे कळताच मावशी तिथल्या मुकादमाला फाडून खायच्या तयारीनेच निघाली.

"साधा बोर्ड लावायला हात झडले होते का तुमचे?"

मुकादमाने नुसतं बोट दाखवलं. बोर्ड होता, चांगला दाराएवढा, पिवळाधमक. 'धोका! आत येऊ नका.' आणि अक्षरं तिचीच होती.

मावशीचा धंदाच अक्षरं काढायचा. हा जाड, गुबगुबीत अक्षरांचा टाइप तिने खेळण्यांच्या दुकानांच्या पाट्यांसाठी आखला होता. प्रत्येक अक्षर पुठ्ठ्यातून कापून ती भाचीच्या हातात द्यायची. "टोचतंय का गं कुठे?" पोरगी हो म्हणाली की तो कोपरा आणखी गोल व्हायचा. वाचता कुठलं येतंय तिला, पण एकेक आकार हाताला पाठ झाला होता. पुढे तो टाइप मावशीने सगळ्यांना वापरायला खुला करून टाकला, वर चार लोकांत मिरवलंही.

"ठळक दिसतोय की, बाई," मुकादम म्हणाला. "आणखी काय करायचं आम्ही?"

मावशी तिथून तडक बहिणीच्या घरी गेली, तर पोरगी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडली होती. मावशी तिच्या उशाशी बसली.

"अगं, तो एवढा मोठा बोर्ड दिसला नाही का तुला?"

"दिसला ना! म्हणून तर आत गेले. आपली न टोचणारी अक्षरं होती, मावशी."