पाळकसाहेबांचा उजवा कान

मित्रांनो, मी एक जुने कानाचे यंत्र आहे. कानामागे लपून बसते, म्हणून सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. कारखान्यात माझ्यासारखी पुष्कळ भावंडे होती. पण कानाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाळकसाहेबांच्या उजव्या कानात मऊ लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर त्याचा साचा घेतला आणि तंतोतंत तसाच तुकडा बनवून मला जोडला. तेव्हापासून मी जगात एकाच माणसाचे झाले.

पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे पाळक. त्यांचा डावा कान पार गेलेला, उजवा अर्धामुर्धा. मला लावून ते पहिल्यांदा घरी आले आणि दारातच थबकले.

"अगं, हा नळ कधीपासून गळतोय?"

"तुमचा कान गेला तेव्हापासून," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना सगळे 'बाई' म्हणत. "आणि तेव्हापासून मी हेच सांगतेय!"

मग माझ्या कामाला सुरुवात झाली. दवाखान्यातल्या खाटेवरचे कण्हणे, सासू-सुनेची गाऱ्हाणी, नापास झालेल्या मुलांचे हुंदके, सगळे माझ्यातून त्यांच्यापर्यंत पोचे. "पाळकसाहेबांना सांगितलं की अर्धं दुखणं उतरतं," असे लोक म्हणत, आणि मला वाटे, त्यातला थोडा मान माझाही आहे.

दिवसाची सुरुवात मात्र माझ्याविना होई. उठल्यावर ते मला खिडकीत ठेवत, खुर्चीत बसत आणि डोळे मिटून प्रभूशी बोलत. आपण पुटपुटतोय असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात आवाज गल्लीच्या टोकाला जाई. बाई धावत येऊन खिडकी लावत आणि मी कानात गेल्यावर म्हणत, "अहो, जरा हळू! समोरच्या शिंप्याची मूळव्याध सगळ्या गल्लीला कळली!" शिंपी काही दिवस तोंड फिरवून जाई. बरा झाल्यावर मात्र स्वतःच येऊन म्हणाला, "चालू द्या, पाळकसाहेब."

त्या बसण्यातून उठले की त्यांचा चेहरा निवलेला असे. मग दिवसभर कोणीही यावे, कितीही बोलावे, ते कंटाळत नसत.

पुढे चर्चचे छप्पर बदलायचे निघाले. गवंडी, सुतार, बैठका, सकाळी उठल्या उठल्या फोन. "आज राहू दे, उद्या दुप्पट बसेन," असे ते म्हणू लागले. त्या उद्याचाही उद्या झाला. पहाटेच मी कानात जाऊ लागले.

"अहो, सगळ्यांना वाढता, स्वतः कधी जेवणार?" बाईंनी एकदा विचारले.

"अगं, प्रभूचंच काम करतोय ना मी!"

 

हळूहळू ते चिडचिडे झाले. लोकांच्या दुःखाचे त्यांना ओझे होऊ लागले. माझ्या पाठीवर एक बारीक चाक आहे. ते टोकाला फिरवले की मी बंद पडते. एका लांबलेल्या बैठकीत त्यांनी ते गुपचूप फिरवले आणि सुटकेचा श्वास सोडला. मग ती सवयच झाली. समोरचा बोलत राही, हे मान डोलावत, हसत आणि म्हणत, "छान, छान. प्रभू बघून घेईल." कोणाच्याही लक्षात आले नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, बंद यंत्र म्हणजे बहिरे यंत्र. तसे नाही. मला सगळे ऐकू येई. फक्त पोचवता येत नसे.

एका दुपारी कोपऱ्यावरचा पाववाला आला. वर्षापूर्वी त्याची बायको वारली होती; पाळकसाहेबांनीच तिला माती दिली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ नखांतले पीठ काढत राहिला.

"पाळकसाहेब," तो शेवटी म्हणाला, "भट्टी पेटवायला उठतो ना, तेव्हा वाटतं, कशाला उठलो? उद्यापासून उठूच नये. कायमचं."

मी बंद होते.

पाळकसाहेब हसले. "छान, छान. प्रभू बघून घेईल."

पाववाल्याने एकदाच त्यांच्याकडे पाहिले. "बरं," म्हणाला आणि निघून गेला. ज्या कानासाठी मी घडले, त्याच कानात बसून मी तडफडत होते.

चहा घेऊन येणाऱ्या बाईंनी दारातून ते ऐकले होते. कप तसेच ठेवून त्यांनी नवऱ्याच्या कानामागे हात घातला आणि माझे चाक फिरवले.

"तो काय म्हणाला, ऐकलंत?"

"पाववाला? बरा आहे की तो."

"त्याला जगायचं नाहीये, अहो! आणि तुम्ही छान म्हणालात!"

दोघे धावत सुटले. दुकानाचे दार आतून बंद होते. बाई दाराशी तोंड नेऊन बोलत राहिल्या, "भाऊ, मी आहे. नुसतं दार उघड, काही बोलू नकोस." अखेर कडी निघाली. तो जिवंत होता. बाईंच्या मागे पाळकसाहेब दिसताच तो म्हणाला, "हे नकोत. हे हसले."

पाळकसाहेब बाहेर पायरीवर बसून राहिले. आता मी पूर्ण उघडे होते. आतले त्याचे रडत बोलणे शब्दन् शब्द पोचत होते, आणि त्यांना उठून आत जाता येत नव्हते. संध्याकाळी त्याची बहीण आली आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा खिडकीत होते. ते डोळे मिटून खुर्चीत बसले. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात एकच वाक्य आले, "प्रभू, मला ऐकू येत नाही." पुन्हा तेच. पुन्हा तेच. बाईंनी त्या दिवशी खिडकी लावली नाही.

आता ते रोज बसतात. एखाद्या दिवशी शब्द येतात, एखाद्या दिवशी नाही, तरी बसतात. पाववाला औषधांनी सावरला, भट्टी पेटवू लागला. पाळकसाहेब रोज त्याच्या दुकानी रांगेत उभे राहतात. तो पाव देतो, सुटे पैसे देतो, वर बघत नाही. असे किती महिने गेले!

परवा मात्र वेगळेच झाले. म्हातारपणी कान सैल होतो. मी नीट बसत नाही आणि शिट्टी वाजवू लागते. रांगेत मी असेच वाजू लागले.

"तुमच्या कानातलं वाजतंय," पाववाला म्हणाला.

"अं?"

"शिट्टी वाजतेय. नीट बसवा."

एवढेच. पाळकसाहेब बोटाने मला दाबून तिथेच उभे राहिले, मागचे "चला, पुढे व्हा" म्हणेपर्यंत. तो अजून चर्चला येत नाही. कदाचित कधीच येणार नाही. त्याला आणणे माझ्या हाती नाही, त्यांच्याही नाही.

आता नवे यंत्र येणार आहे. मी जाईन एखाद्या खणात. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणे आहे, मित्रांनो. थकला असाल, आतून रिकामे झाला असाल, तर समोरच्याला तसे सांगा, "आज मला ऐकवत नाही रे." तो रागावेल, पण निदान दुसऱ्या कोणाचे तरी दार वाजवेल. बंद कानाने मान मात्र डोलावू नका.