मूळ पिक्चर बरा होता

रविवारी दुपारी बेळगावच्या मॉलमध्ये पिक्चर बघून बाहेर पडताना कुणीतरी सुनयनाच्या तोंडापुढं माइक धरला आणि ती बोलली. तिचा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

सुनयना निपाणीची. वय सत्तावीस. आई तानीबाईनं बिड्या वळून तिला शिकवलं आणि लॅबचा कोर्स पुरा करून ती चिकोडीच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायच्या-तपासायच्या कामाला लागली. सकाळच्या बसनं जायचं, दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरा शोधायच्या, संध्याकाळच्या बसनं परत यायचं. पिक्चरचा नाद तिला आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या रचनाला सारखाच. त्या रविवारी दोघी मुद्दाम बेळगावला गेल्या, कारण नवा पिक्चर एका जुन्या पिक्चरवरून काढलेला होता आणि तो जुना सुनयनानं लहानपणी वडलांच्या शेजारी बसून टीव्हीवर बघितला होता. नदीवर नाव वल्हवणारा बाप, पुरात वाहून गेलेली त्याची पोरगी, एवढीच गोष्ट. पिक्चर संपल्यावर तिचे वडील धर्मराज, तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर पोती उचललेला माणूस, एक शब्द न बोलता उठून अंगणात गेले होते आणि बराच वेळ आत आले नव्हते. ते जाऊन आता चार वर्षं झाली होती.

नव्या पिक्चरमधला नावाडी वल्ह्यानं चाळीस माणसं लोळवत होता. मध्ये तीन गाणी होती. शेवटी पोरगी जिवंत असल्याची हूल देऊन दुसरा भाग येणार म्हणून सांगितलं होतं. हिरोला त्याचे चाहते 'धनी' म्हणायचे. पडद्यावर तो आला की पुढच्या रांगेतली पोरं कागदाचे तुकडे उधळायची.

माइकवाल्यानं विचारलं, "कसा वाटला, मॅडम?"

"मूळ पिक्चर बरा होता," सुनयना म्हणाली. "त्यातला बाप रडला न्हाय, पण बघणारी समदी रडली. ह्यात हिरो पंधरा मिनिटं रडतोय आन् लोक पॉपकॉर्न आणाय गेल्यात. ह्याच्यापेक्षा चिकोडीला आमच्या लॅबमध्ये सुई टोचल्यावर माणसं बरी रडत्यात!"

रचना खो खो हसली. माइकवालाही हसला. तिथून दोघी मिठाईच्या दुकानात कुंदा घ्यायला गेल्या आणि विषय संपला.

सोमवारी बसमध्ये बसल्यावर तिनं मोबाइल उघडला तर तिचाच व्हिडिओ फिरत होता. मूळ पिक्चरचं बोलणं सगळं कापलेलं. राहिलं होतं ते 'हिरो रडतोय' पासून पुढचं, आणि वर मथळा: 'चिकोडीच्या बाईनं धनीची लाज काढली!' दोन लाख लोकांनी बघितलं होतं. खाली लोकांनी जे लिहिलं होतं त्यातल्या पाच-सहा ओळी तिनं वाचल्या. कुणी त्यात भाषा आणली होती, कुणी जात आणली होती. एकानं तिचं नाव शोधून काढलं होतं. आणि एकानं, ज्यानं स्वतःच्या फोटोच्या जागी धनीचा फोटो लावला होता, तिच्या लॅबच्या पाटीचाच फोटो टाकून लिहिलं होतं, 'इथं बसत्या बाई. ज्याला भेटायचं त्यानं भेटा.'

तिनं मान वर केली. बसमध्ये चाळीसएक माणसं होती. निम्म्यांच्या हातात मोबाइल होता.

लॅबचे मालक रविराजसर भला माणूस, पण तेही धास्तावले. "चार दिवस मास्क काढू नकोस," ते म्हणाले. "कुणी नाव विचारलं तर सुनयना सुट्टीवर आहे म्हणून सांगायचं." घरी आईला तिनं काही सांगितलं नाही. पण तानीबाईला शेजारणीनं मोबाइलवर दाखवलंच. "नको जाऊ गं उद्या," आई म्हणाली. "पिक्चर चांगला म्हणून सांगितलं असतंस तर काय जिभेला फोड आला असता?"

न जाऊन कसं चालेल? ऑगस्ट महिना, गल्लोगल्ली ताप, लॅबबाहेर सकाळी सातपासून रांग. मंगळवारी आणि बुधवारी सुनयना मान खाली घालून रक्त घेत राहिली. माणसाचा चेहरा बघायचाच नाही, नुसता हात बघायचा. दार करकरलं की ती हातातली नळी घट्ट धरायची. दोन दिवसांत तीन माणसांच्या शिरा तिला पहिल्या झटक्यात सापडल्या नाहीत. असं तिचं कधी झालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी खुर्चीत एक हात येऊन टेकला. भरदार, तापानं फणफणलेला. तिनं बाही वर सारली आणि ती थिजली. दंडापासून कोपरापर्यंत धनीचा चेहरा गोंदलेला होता. गॉगल, दाढी, खाली वल्हं. शीर नेमकी हनुवटीखाली होती.

तिनं पट्टा बांधला. "मूठ आवळा," ती म्हणाली.

मूठ आवळली गेली नाही. तिनं नाइलाजानं वर बघितलं. तिशीचा माणूस होता, डोळे तांबारलेले. तो तिच्या मास्ककडं टक लावून बघत होता.

"आवाज ऐकलाय तुमचा," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, हळूच, "मी न्हाय रडणार, मॅडम."

बाहेर रांग होती, पलीकडच्या खोलीत रचना होती, भरदिवसाचे नऊ वाजले होते, आणि तरी तिला वाटलं की आपल्या आणि ह्या माणसाच्या मध्ये जगात दुसरं कुणी नाही. कसंबसं तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला, श्वास धरला आणि सुई घातली. रक्त आलं. तो खरंच रडला नाही, पण त्याचं कपाळ घामानं डबडबलं. जाताना तो दारात थांबला. "रिपोर्ट नीट द्या," म्हणाला. धमकी होती की विनंती, तिला कळलं नाही. फॉर्मवर नाव होतं स्वरूप. पत्ता चिकोडीतलाच.

अकरा वाजता मशीननं आकडा दिला आणि सुनयनानं नळी हलवून पुन्हा लावली. पुन्हा तोच. तिनं काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितलं. खोटं काही नव्हतं. दीड लाखाच्या वर पाहिजेत त्या प्लेटलेट होत्या अठरा हजार. डेंग्यूची टेस्टही आली होती. असा माणूस घरी राहिला तर आतल्या आत रक्तस्राव होऊन जाऊ शकतो.

रविराजसर कामासाठी बेळगावला गेले होते. त्यांचा फोन लागेना. तिनं लॅबच्या फोनवरून स्वरूपचा नंबर लावला.

"लॅबमधून बोलत्या. तुमच्या प्लेटलेट लई कमी झाल्यात. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ॲडमिट व्हा."

तो म्हणाला, "तुमीच न्हवं? घाबरवाय लागलाय व्हय मला? बदला घेताय?"

"न्हाय हो, खरंच..."

"पाटीचा फोटो मी टाकलता म्हणून कळलं वाटतं तुमाला." फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. तिसऱ्यांदा बंद लागला.

पाटीचा फोटो टाकणारा तो हाच होता तर. सुनयना खुर्चीत बसून राहिली. रचना म्हणाली, "व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाक आन् सोड. आपलं काम झालं. मरू दे की तिकडं."

"बंद फोनवर कुठला बघतोय त्यो रिपोर्ट?"

"मग मी जाऊ?"

"आकड्याबद्दल चार प्रश्न विचारले तर तू काय सांगणार? तू हितं रांग बघ." हे बोलताना आपला आवाज आपला नाही असं तिला वाटलं.

रिपोर्ट छत्रीखाली धरून ती निघाली. दहा मिनिटांची वाट. दोनदा ती थांबली. एकदा औषधाच्या दुकानापुढं उभी राहून तिनं मनाशी ठरवलंसुद्धा की इथल्या पोराकडं कागद द्यावा आणि परत फिरावं. पण नळीतलं ते पातळ रक्त तिच्या डोळ्यापुढून जाईना. गल्लीच्या तोंडाला धनीचा दुमजली बॅनर होता. त्याच्याखाली कट्ट्यावर पाच-सहा जण बसले होते. सगळ्यांच्या अंगात एकसारखे काळे टी-शर्ट, पाठीवर वल्हं. तिला बघून बोलणं थांबलं.

"स्वरूप कुठं ऱ्हातात?" तिनं विचारलं.

एक जण उठला. "कोण तुमी?"

मास्क होता, खोटं नाव सांगता आलं असतं. पण खोट्या नावाच्या बाईचा कागद कोण खरा मानणार? तिनं मास्क खाली ओढला.

"अरे, हीच की!" कुणीतरी म्हणालं, आणि दोन मोबाइल वर झाले. उरलेले कट्ट्यावरून उतरून तिच्याभोवती आले. एकाच्या तोंडाला गुटख्याचा वास येत होता, इतका तो जवळ होता.

"काढा व्हिडिओ," ती म्हणाली. आवाज फाटला. "पर आधी कुणीतरी रिक्षा बोलवा. तुमच्या माणसाचं रक्त मी तपासलंय. संध्याकाळपर्यंत घरातच ऱ्हाईला तर हाताबाहेर जाईल."

शेजारच्या दारात स्वरूप आला होता. भिंतीला धरून उभा होता. "ऐकू नका," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

सुनयनानं त्याच्याकडंच बघितलं. "सकाळी दात घासताना रक्त आलं?"

त्याच्या मागून त्याची आई पुढं आली, पदरानं हात पुसत. "आलतं की! अख्खी मोरी लाल झालती. ह्योच म्हणाला, हिरडी खरचटली. काय झालंय गं बाई माझ्या लेकराला?"

मग कुणी काही विचारलं नाही. आईनंच ओरडून रिक्षा थांबवली. मायलेक बसून गेले. तिच्या हातातला रिपोर्ट त्या बाईच्या हातात गेला होता, आणि सुनयना नुसती छत्री धरून त्या काळ्या टी-शर्टांच्या मध्ये उभी होती. कुणी बाजूला सरकलं नाही, कुणी अडवलंही नाही. दोघांच्या मधून अंग चोरून ती बाहेर पडली. गल्ली संपेपर्यंत मागं वळून बघायचं नाही, असं स्वतःला सांगत ती चालली. पळायचं नाही. पळालं की मागं लागतात. लॅबमध्ये पोचल्यावर ती मोरीत गेली आणि तिला उलटी झाली.

संध्याकाळी रचनानं मोबाइल पुढं केला. गल्लीतला व्हिडिओ. आवाज काढून टाकलेला, वर गाणं घातलेलं. मास्क उतरवून, हातात कागद घेऊन उभी असलेली सुनयना. मथळा: 'शेवटी आली माफी मागायला!'

आणि गंमत अशी की त्यानंतर शिव्या थांबल्या. लोकांनी लिहिलं, झालं गेलं विसरा, बाईला अक्कल आली. शुक्रवारी लॅबच्या पाटीचा फोटोही निघून गेला. रविराजसर म्हणाले, "मिटलं ना? मग सोड." तानीबाईनं बुद्धवंदनेला बसून दोन मेणबत्त्या जास्त लावल्या. सुनयना मास्क न लावता कामाला जाऊ लागली. तरी खुर्ची तिनं अशी फिरवून घेतली की पाठ दाराकडं येऊ नये. झोप काही लागत नव्हती. भीती होती ती होतीच, वर आता न मागितलेली माफी छातीवर बसली होती.

नवव्या दिवशी स्वरूप आला. गाल बसलेले, शर्ट ढगळ झालेला. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं. तो खुर्चीत बसला, हात पुढं केला आणि खालमानेनं म्हणाला, "आक्का, डॉक्टर म्हणाले, आनी एक दिवस गेला असता तर अवघड होतं."

सुनयना पट्टा बांधत राहिली.

"त्यो व्हिडिओ आमच्या पोरांनी टाकला. मी तवा बेडवर होतो." तो चुळबुळला. "चूकच झाली. पर आता सगळं शांत झालंय. ऱ्हाऊ दे काय? काढला तर परत उठतील लोक."

ऱ्हाऊ दे, हेच तिच्या तोंडावर आलं होतं. गेल्या आठवड्यातली बस, दाराचा करकर आवाज, गुटख्याचा वास, सगळं एका क्षणात अंगावरून गेलं. परत तेच? तिनं पट्टा सोडला.

"मी माफी मागितली न्हाय," ती म्हणाली. "काढा त्यो."

"काढतो. पर लोक विचारतील की."

"तर खरं काय झालं ते सांगा."

स्वरूपनं डाव्या हातानं मोबाइल काढला. बराच वेळ एका बोटानं लिहीत होता. मग स्क्रीन तिच्यापुढं धरली: 'ह्या आक्कानं माफी मागितलेली न्हाय. माझा जीव वाचवाय आलती. पिक्चर तिला आवडला न्हाय. मला आवडला.' तिनं मान हलवली आणि त्यानं ते टाकलं.

"मूळ पिक्चर बी बघितला मी दवाखान्यात," तो म्हणाला. "तुमी एवढं म्हणालता म्हणून. लई हळू हाय, आक्का. अर्ध्यात झोप लागली."

"ताप होता तुमाला!" सुनयना फटकन म्हणाली. "शेवट बघितला न्हाय तर काय बघितलं? बाप रिकामी नाव धुतो ते?"

"त्ये न्हाय बघितलं."

"मग बोलू नका."

तो हसला. तिला हसू आलं नाही. खिशात तिचा मोबाइल थरथरला, मग पुन्हा, मग लागोपाठ तीनदा. कोण काय लिहीत होतं कुणास ठाऊक. तिनं तो बाहेर काढला नाही. हात स्थिर होईपर्यंत ती थांबली, मग पट्टा नव्यानं बांधला, आणि म्हणाली, "मूठ आवळा."