रायफलीत अडकलेलं पितळ

दौंडच्या कचेरीत नवा साहेब आला होता. लायसनचा कागद बघून म्हणाला, "बाईमाणसाला रायफल कशाला?"

मी म्हणाले, "साहेब, डुकरं ऊस कुणाचा ते विचारून शिरत न्हाईत."

त्याला झोंबलं. सोमवारी दुपारी तीनला रायफल आणून दाखवा, बिघडलेली निघाली तर जमा करून घेईन, म्हणाला. मालकांच्या माघारी राहू गावचं आमचं रान मी त्याच रायफलीवर राखलं होतं.

नेमकी सोमवारी सकाळी डुकरं उसात शिरली. मी बार टाकला, ती पळाली. पण बोल्ट मागं ओढला तर काडतुसाचं नुसतं बूड बाहेर आलं. पुढचा तुकडा आतच घट्ट बसला. दुसरं काडतूस आत जाईना.

मी सुनेवर घसरले. "रतन, भांड्यांसारखी चिंचेनं घासलीस ना काडतुसं?"

"तुम्ही हात लावू देता कुठं, आत्याबाई?"

जालिंदर, माझा लेक, गज घेऊन ठोकायला आला. मी गज हिसकावला. "नळीला चरा पाडून साहेबाचं काम सोपं करतोस व्हय? जा, कोरेगावातनं बन्सीआप्पांना आण."

बन्सीआप्पांनी पलटणीत वीस वर्षं रायफली दुरुस्त केलेल्या. जालिंदरच्या फटफटीवरनं उतरले ते तुटकं बूड हातात घेऊनच बसले.

"वयनी, काडतुसं ठेवता कुठं?"

"गोठ्यातल्या कोनाड्यात. पोरांचा हात पोचत न्हाई."

"गुरांच्या मुताच्या वाफेनं पितळ तडकतं. तबेल्याजवळ ठेवलेली आमची बी अशीच फुटायची."

रतन पदराआड हसली. "हस बाई," मी म्हणाले, "आज तुझा दिवस हाय."

आप्पांनी बोल्ट काढला, तेल सोडलं. सळईला तारेचा जाड ब्रश लावून मागनं आत दाबला, तुकड्याच्या पार पुढं. "आता तारा त्याच्या कडेला अडकतील," म्हणाले आन् ओढलं. ब्रश मोकळाच आला. घड्याळात एक वाजला होता. घरात सगळे माझ्याकडंच बघायला लागले. आणखी तेल, आणखी थोडा दम. दुसऱ्यांदा ओढलं तसा पितळी तुकडा ब्रशवर बसून बाहेर आला, बोटात अंगठी बसावी तसा.

तीनच्या आत दौंडची कचेरी गाठली. साहेबानं नळी खिडकीकडं धरून लई वेळ बघितलं. मग म्हणाला, "स्वच्छ हाय." शिक्का बसला.

बाहेर पायरीवर मी बसूनच घेतलं. जालिंदरला म्हणाले, ऊन लागलं, रस पाज. दोन गिलास प्याले, बर्फ घालून.